खिडकीखालचा भूगोल

पहाडात राहणाऱ्या माणसाला कचऱ्याची चिंता नसते. सपाटीवरची माणसं तो गोळा करतात, गाडीत भरतात, त्यावरून शेजाऱ्यांशी भांडतात. आमच्याकडे घराची मागची खिडकी उघडायची आणि हात सैल सोडायचा. खाली उभा कडा असतो, त्याला कुमाऊंत भ्योल म्हणतात. भ्योलात टाकलं की गेलं. कुठे गेलं, हे विचारायची रीत नाही.

विद्यापीठाचं मुलींचं वसतिगृह अशाच एका भ्योलाच्या काठावर उभं होतं. तिथे दुसऱ्या मजल्यावर भूगोलाच्या तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली राहायच्या, हंसा रौतेला आणि नीमा कार्की. खोलीत दोन खाटा, एक टेबल आणि एक मोठी खिडकी होती. उजेड असेल तेव्हा त्या खिडकीच्या काचेवर नकाशा चिकटवायचा, त्यावर पातळ ट्रेसिंग पेपर लावायचा आणि रेघा गिरवायच्या. कचऱ्याची वाटही तीच होती.

"नीमा, हा राजमा परवाचा की त्याच्याही आदल्या दिवशीचा?" डबा उघडताच हंसाने नाक दाबलं.

"वास घे, कळेल."

"छी! बुरा आलाय बाई याला!"

"मग मला काय विचारतेस? दे भ्योलात."

हंसा टापटिपीची मुलगी. नीमासारखं डबा झटकून मोकळं होणं तिला जमायचं नाही. ती कचरा पिशवीत भरायची, पिशवीचे दोन्ही कान ओढून गाठ मारायची, त्यावर दुसरी गाठ, आणि टोकं दोन्हीकडे सारखी काढायची.

"कचरा टाकतेस की वेणी घालतेस?" नीमा म्हणाली. "लाल रिबीनही बांध एकदा!"

हंसा हसली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि पिशवी सोडून दिली. मग तिने साबण लावून दोनदा हात धुतले. स्वच्छतेच्या बाबतीत ती फार काटेकोर होती.

तिसऱ्या वर्षाला ग्राम सर्वेक्षण असतं. एखादं गाव निवडायचं, घरोघरी जाऊन प्रश्न विचारायचे, गावाचा नकाशा काढायचा आणि अहवाल लिहायचा. गाव कोणतंही चालतं, पण वसतिगृहाच्या थेट खाली, सडकेपलीकडे तल्लाखोला असताना उगाच लांब कोण तंगडतोड करणार? सकाळी उतरायचं आणि जेवणाच्या घंटेला वर यायचं. वर्षानुवर्षं हेच चालल्यामुळे तल्लाखोल्याच्या कुत्र्यांनीही भूगोलाच्या मुलांवर भुंकणं सोडून दिलं होतं. अहवालही वर्षानुवर्षं तोच असे. त्यात एक वाक्य हमखास सापडायचं : 'ग्रामस्थांमध्ये स्वच्छतेविषयी जागृतीचा अभाव आढळतो.' विभागप्रमुख लोहनी सरांचं ते लाडकं वाक्य. एखाद्याच्या अहवालात ते नसलं, तर सर स्वतः लाल शाईने घालत.

हंसा आणि नीमाच्या वाट्याला बसंती आमाचं, म्हणजे बसंती आजीचं, घर आलं. अंगण लख्ख सारवलेलं, उंबऱ्यावर गेरूचा पट्टा आणि त्यावर तांदळाच्या पिठाची नक्षी. दोघी नाकाला रुमाल लावून अंगणाच्या कडेलाच उभ्या राहिल्या.

"आमा, जेवणाआधी हात कशाने धुता?" नीमाने विचारलं.

"साबणाने, चेली," आमा लेकीला सांगावं तसं म्हणाली. "तुम्ही कशाने धुता?"

नीमा गडबडली. "तसं नाही आमा, आम्हाला विचारावंच लागतं."

"विचार, विचार. मागच्या साली एक मुलगा विचारून गेला, आमा, तुम्ही रोज आंघोळ करता का? त्याच्या मोज्यांचा वास माझ्या चुलीपर्यंत येत होता! बसा, चहा टाकते."

"नको नको, आत्ताच झाला."

"दरवर्षीच्या मुलांचा आत्ताच झालेला असतो," आमा म्हणाली. "भिऊ नका. हा चहा आमच्या नौल्याच्या कुंडातल्या पाण्याचा नाही. नौल्याचं पाणी आता आमच्या म्हशीसुद्धा पीत नाहीत. हे पलीकडच्या डोंगरातल्या धारेवरून डोक्यावर आणलेलं आहे."

मुली ओशाळून बसल्या. गुळाच्या खड्याबरोबर चहा आला. आमा आपणहून बोलू लागली.

"मार्गशीर्षात माझ्या नातवाचं लग्न आहे. नवी सून घरात आली की तिला आधी नौल्यावर न्यायचं. तिने पाण्याची पूजा करायची, पाया पडायचं, तिथून तांब्याची घागर भरून डोक्यावर आणायची. तेव्हा ती या घरची होते. माझी सासू अशीच आली, मी अशीच आले. आता मी या पोरीला कुठे नेऊ? गटाराच्या पाया पडायला लावू? शुभकार्य तोंडावर असतानासुद्धा तो वास मला झोपू देत नाही. लिहा हे तुमच्या कागदावर."

हंसाने प्रश्नांचा कागद उलटसुलट करून पाहिला. "आमा, यासाठी रकाना नाही."

"मग रकाने आहेत तरी कशाचे?"

हंसाने कागदाची घडी घातली. नीमाने घड्याळाकडे बघून तिला कोपराने ढोसलं.

परतताना दोघी नौल्याचा फोटो काढायला थांबल्या. घडीव दगडांची जुनी घुमटी, आत पायरी पायरीने उतरत गेलेलं चौकोनी कुंड, दाराशी झिजलेली देवाची मूर्ती. कधीकाळी इथे गार, गोड पाणी झिरपत असणार. आता कुंडात काळपट हिरवा रबरबाट होता. त्यावर साबणाचा फेस, फेसात केसांचे गुंतवळे, शांपूच्या पुड्या, कुजलेला भात, आणि बाईमाणूस जे कोणाच्या नजरेला पडू देत नाही, तेही फुगून वर आलेलं.

"ओ इजा!" नीमा आईच्या नावाने किंचाळून मागे सरली. "काय माणसं आहेत ही! देवाच्या दारात? यांना शिसारी कशी येत नाही?"

"आली असती तर असं केलं असतं का?" हंसा म्हणाली आणि कठड्याला धरून ओकली.

वर जाऊन तिने डोक्यावरून आंघोळ केली. मग अहवालात ते ठरलेलं वाक्य लिहिलं. आधीच्या मुलांनी ते नुसतं उतरवलं होतं. हंसाने मनापासून लिहिलं.

राहिला नकाशा. तल्लाखोल्याचा नकाशा पिढीजात होता. वरच्या वर्गातली मुलं जाताना तो खालच्यांना द्यायची आणि खालची तो खिडकीच्या काचेवर लावून गिरवायची. यंदा तो नीमाकडे आला होता आणि नीमाने त्यात भजी बांधून आणली.

"अगं, हा नकाशा होता!" हंसा ओरडली.

"दिसतोय की अजून. थोडा तेलकट झालाय इतकंच. ही बघ, भज्याच्या डागापाशी शाळा."

हंसाने तिला चार शिव्या घातल्या आणि विभागातून जुनी टोपोशीट मागून आणली. सरकारी सर्वेक्षणाच्या त्या नकाशावर चौकोन आखून तिने तल्लाखोला मोठ्या कागदावर उतरवायला घेतला. काम किचकट होतं. त्या नादात वरच्या बाजूला चौकोनांची एक ओळ जास्त आखली गेली आणि तिच्या लक्षात आलं तेव्हा ती भरूनही झाली होती. पिढीजात नकाशा सडकेपाशी संपत असे, कारण सडक हीच गावची हद्द. हंसाचा नकाशा सडक ओलांडून वर चढला होता.

ती ओळ पुसायला तिने खोडरबर उचललं आणि तिचा हात थांबला. नौल्याशेजारून वाहणारा, पावसात कुंडात शिरणारा ओढा जुन्या नकाशात सडकेवर अचानक उगवायचा, आभाळातून पडल्यासारखा. इथे ती निळी रेघ सडकेच्या वर जात होती. समोच्च रेषा एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि त्यांच्यामधून वाट काढत ओढा थेट कड्याच्या माथ्याला पोचत होता. माथ्यावर टोपोशीटमध्ये नुसतं जंगल दाखवलेलं होतं. शीट फार जुनी होती. त्या जागी आज काय उभं आहे, हे हंसाला कोणी सांगायला नको होतं. ती तिथेच बसून नकाशा काढत होती.

तीन वर्षांत पहिल्यांदा तिने खिडकीतून वाकून खाली पाहिलं. झाडोऱ्याशिवाय काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तास बुडवून ती नौल्यापाशी उतरली आणि ओढा धरून वर चढू लागली. नाकाला रुमाल, हातात काठी. पाणी कमी आणि चिखल जास्त. सडकेखालच्या नळकांड्यातून वाकून पलीकडे गेल्यावर वास दुप्पट झाला. आणखी वर एक तुटका पाइप कड्यातून बाहेर आला होता आणि त्यातून वसतिगृहाच्या शौचकूपाच्या टाकीतला मैला थेंबथेंब नव्हे, धार लावून ओढ्यात पडत होता. पण हंसाला धक्का बसला तो त्या पाइपाने नाही. पाइपाच्या आजूबाजूला सिसूणाची काटेरी झुडपं होती आणि झुडपांत पिशव्या अडकल्या होत्या. काही फाटलेल्या, काही उन्हाने विटलेल्या. कितीतरी पिशव्यांना एकावर एक दोन गाठी होत्या आणि टोकं दोन्हीकडे सारखी काढलेली होती.

त्या गाठी तिच्या होत्या!

एका फाटक्या पिशवीतून काय लोंबत होतं ते बघून तिला ब्रह्मांड आठवलं. वसतिगृहाच्या न्हाणीघरात कचऱ्याचा डबा नव्हता. 'मुलींनी असल्या वस्तू उघड्यावर ठेवू नयेत' असा वॉर्डनबाईंचा दंडक. म्हणून मुली त्या लाजेकाजेने कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून भ्योलात सोडत. लाज वर झाकली जायची आणि खाली कोणाच्या तरी देवाच्या दारात जाऊन उघडी पडायची. त्या दिवशी आपण त्या गावाला नावं ठेवली, तिथे ओकलो, आणि ओकलो ते आपल्याच घाणीला! हंसाला स्वतःच्या धुतलेल्या हातांची किळस आली.

नवा नकाशा घेऊन ती विभागात गेली, तेव्हा लोहनी सर चहा पीत होते. शेजारच्या टेबलाशी टम्टा मॅडम प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासत होत्या. मॅडम अतिथी व्याख्यात्या. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची, त्यामुळे विभागप्रमुखांसमोर तोंड उघडताना त्यांना दहादा विचार करावा लागे.

सरांनी नकाशा पाहिला आणि कपाळाला आठी घातली. "हा वरचा पट्टा कसला?"

"सर, घाण वरून येते. आपल्या वसतिगृहातून. मी ओढ्याने चढून बघितलं."

"तुला सर्वेक्षण गावाचं दिलंय की वसतिगृहाचं?"

"गावाचं, सर. पण ओढा..."

"ओढ्याची हद्द सडकेपर्यंत. माझ्या विद्यार्थिदशेपासून हाच नकाशा चालत आलाय." सरांनी खणातून कात्री काढून तिच्यापुढे सरकवली. "हा पट्टा काप आणि आण. सही हवी ना? परीक्षेला बसायचंय ना?"

हंसाने कात्री उचलली. तिचे डोळे भरून आले. घरी तिची इजा, तिची आई, वाट बघत होती, की पोरगी पदवीधर होईल, मास्तरीण होईल. एवढासा पट्टा तर कापायचा होता.

"कापू नकोस," टम्टा मॅडम म्हणाल्या. या वेळी त्यांनी एकदाही विचार केला नव्हता.

"मॅडम, तुम्ही मध्ये पडू नका."

"पडणार, सर. पहिल्या वर्षी आल्या आल्या आपण मुलांना काय शिकवतो? पाणी उताराने वाहतं. आणि तिसऱ्या वर्षी त्यांच्या हातात कात्री देतो आणि सांगतो, आपल्या दारापाशी उतार संपतो. मग तीन वर्षं शिकवलं तरी काय? त्यापेक्षा न शिकलेली माणसं बरी, त्यांना निदान घाण कुठून येते हे नाकाने तरी कळतं!"

"हे भाषण वर्गात करा."

"आणखी एक सांगते. माझे आजोबा तांबट होते. त्या नौल्यावर पिढ्यान्‌पिढ्या ज्या घागरी भरल्या गेल्या, त्या आमच्या घरात घडल्या. घागर चालायची, पण घडवणारा चालत नव्हता. आजोबांनी पायरीला पाय लावला असता तर नौला बाटला असता. विटाळ झाला असता! सर, तो विटाळ आता कोण करतंय? कोणाच्या खिडकीतून?"

लोहनी सरांचा चहा निवला.

"उद्या सगळा वर्ग घेऊन खालून वर चढू," मॅडम म्हणाल्या. "हिचा नकाशा खोटा निघाला, तर कात्री मी चालवीन."

"चला! तुमची हौस एकदाची फिटू दे," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्ग नौल्यापासून चढू लागला. सगळ्यात पुढे लोहनी सर, अंगात करडा लोकरी कोट, नाकावर मफलर. नीमा तेवढी पोट दुखतंय म्हणून खोलीत राहिली होती; वर्ग कुठे चाललाय हे तिने विचारलंही नव्हतं. मुलं आधी फिदीफिदी हसत होती. नळकांडं ओलांडल्यावर हसू विरलं. पाइपापाशी पोचल्यावर एक मुलगा बाजूला जाऊन ओकला. सरांनी मफलर घट्ट केला, पाइपाकडे बघितलं, झुडपांकडे बघितलं. हरलो म्हणणं प्राध्यापकाला जड जातं.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले, "पाइप फुटलाय. पण त्यावरून सगळा दोष विद्यापीठाच्या माथी..."

वाक्य अर्धंच राहिलं. वरून काहीतरी सूं करत आलं आणि सरांच्या खांद्यावर फुटलं. आंबलेल्या राजम्याचा लगदा कोटाच्या कॉलरवरून ओघळत आत गेला. वास असा सुटला, की सगळे दोन पावलं मागे हटले.

"छी! छी! छी!" सर दोन्ही हात पसरून नाचू लागले. "कोण आहे? कोण आहे हे जनावर?"

दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत नीमाचं डोकं दिसलं. तिने खाली पाहिलं. झाडोऱ्याच्या फटीतून खाली साक्षात विभागप्रमुख! "ओ इजा!" म्हणून ते डोकं नाहीसं झालं आणि खिडकी धाडकन बंद झाली.

कोणीही हसलं नाही. टम्टा मॅडमनी आपला रुमाल सरांपुढे धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "जागृतीचा अभाव, सर."

सर थांबले. रुमाल त्यांच्या हातातच राहिला. ते वाक्य त्यांनी किती पोरांच्या अहवालात लाल शाईने घातलं होतं, ते त्यांचं त्यांनाच माहीत. आज पहिल्यांदा ते त्यांच्या अंगावर पडलं होतं, वासासकट. ते तिथेच एका दगडावर बसले.

"आमच्या क्वार्टरची मागची खिडकीही याच ओढ्यावर आहे," कॉलर पुसत ते म्हणाले. "हंसा, नकाशा आण. सही करतो."

"सर, तुमची क्वार्टर पण दाखवू?"

"दाखव. ठळक दाखव!"

वाचकहो, लोहनी सर तिथून घरी गेले नाहीत. तोच कोट अंगात ठेवून ते विद्यापीठाच्या अभियंत्यासमोर जाऊन बसले. टाकीच्या दुरुस्तीचा कागद किती दिवस कपाटात धूळ खात होता कोण जाणे, पण त्या वासापुढे तो भराभरा हलला. वॉर्डनबाईंनी कुरकुर केली, तरी न्हाणीघरांत झाकणाचे डबे आले. नीमाला शिक्षा म्हणून ते रोज रिकामे करण्याचं काम मिळालं. पहिल्या आठवड्यात ती रडली आणि दुसऱ्यापासून डब्यात भलतंसलतं टाकणाऱ्या मुलींवर डाफरू लागली.

मग सगळ्यांनी मिळून नौल्यात हात घातला. वर्ग होता, गाव होतं. टम्टा मॅडम मात्र दारापाशीच थबकल्या. पायरीवर पाय ठेवावा की नाही, अशा घुटमळल्या. बसंती आमाने कुंडातून मान वर करून पाहिलं. तिला काय कळलं असेल ते असो.

"आत ये चेली," ती म्हणाली. "बाहेरून गाळ निघतो का कधी?"

मॅडम आत उतरल्या. गाळाने कोपरापर्यंत माखलेले सगळे हात सारखेच दिसत होते.

मार्गशीर्षात लग्न झालं. ढोल-दमाऊ वाजवत वरात आली आणि लाल पिछौडा पांघरलेली नवी सून बायकांबरोबर नौल्याकडे निघाली. हंसा, नीमा आणि वर्गातल्या चार मुली बाजूला उभ्या होत्या. पाणी अजून पिण्याजोगं झालं नव्हतं. तपासणाऱ्यांनी वर्षभर थांबा म्हणून सांगितलं होतं. पण त्यात तळाचा दगड दिसत होता आणि हवेला फक्त फुलांचा आणि धुपाचा वास होता. सुनेने हळदकुंकू वाहिलं, पाया पडली आणि मॅडमनी दिलेली नवी तांब्याची घागर पूजेपुरती भरून घेतली. उठताना तिची नजर कड्यावरच्या उंच इमारतीकडे गेली.

"आमा, तिथे वर कोण राहतं?" तिने हळूच विचारलं.

हंसाने आपल्या हातांकडे पाहिलं. नीमाने मान खाली घातली. आमाने दोघींकडे एकवार पाहिलं.

"मुली राहतात," आमा म्हणाली. "भूगोल शिकतात." आणि घागर सुनेच्या डोक्यावर नीट बसवत पुढे म्हणाली, "आत्ता कुठे शिकायला लागल्यात."

बंधूंनो, भगिनींनो, पहाड असो की सपाटी, आपण सगळेच कोणाच्या तरी वर राहतो. आपली हद्द संपते तिथे घाण संपत नाही, तिथून ती दुसऱ्याची सुरू होते. दुसऱ्याच्या दारातली घाण बघून नाकाला रुमाल लावण्याआधी तिची गाठ तेवढी तपासून पाहा. फार वेळा ती आपल्याच हातची निघते!